तिनाच्या जागी सहा

तवा तिथं कोण कोण व्हतं ते आधी सांगते. आमचे मालक व्हते, म्हणजे शकूचे बाबा. हमीदभाई कुशनवाले व्हते, दुकान त्यांचंच. मही लेक शकू व्हती, दुसरीत शिकत व्हती. आन् मी. चौघंच. चौघांतली आता मी एकटी राहिले, म्हणून बोलून ठेवते. मला लिहायला येत नाय. मी नातीच्या मोबाईलात बोलते आन् ती कागदावर उतरवती. मधीच ती महं बोलणं सरळ करायला बघती. मी म्हणलं, राहू दे, जसं निघलं तसं लिव्ह.

परवा सलीमचा फोन आला. सलीम म्हणजे हमीदभाईंचा पोरगा. आता त्याची बी दाढी पांढरी झाली, पण मला तो पोरगाच.

"खाला, एक पुरानी गाडी आई है. छत का कपडा पूरा लटक गया. सळीवाला छत है. मेरे कारीगरां को ये काम आता नै."

मी म्हणलं, "बाबा, मही नजर गेली. सुईत दोरा नात ओवून देती."

"तुम खाली कुर्सी पे बैठो. तुम बोलो, हम करते."

महा पोरगा कामावर गेलता. सुनंला सांगितलं आन् बजाजनगरहून रिक्षा केली. मोंढ्यामागं सलीमचं दुकान हाय, बापाच्याच जागेवर. लिंबाचं झाड तोडलं, तिथं आता पत्र्याचं शेड हाय. पण रिक्षातून उतरले आन् सोल्युशनचा वास नाकात गेला. कापड चिकटवायचं सोल्युशन. गोड बी नाय, कडू बी नाय, डोक्यात चढणारा वास. बाकी सगळं बदललं, पण तो वास तसाच हाय.

आताच्या गाडीचं छत म्हणजे नुसता पुठ्ठा. त्याला फोम आन् कापड चिकटवलेलं. लोंबलं की पुठ्ठा बाहेर काढायचा, जुना फोम खरवडायचा, सोल्युशन मारून नवं कापड बसवायचं. जुन्या गाड्यांचं तसं नव्हतं. छताचं कापड सळ्यांवर टांगलेलं असायचं, लग्नाच्या मंडपाला वर कापड टांगतात तसं. सहा सळ्या, आडव्या, कमानीवाणी वाकवलेल्या. कुणाचा वाक जास्त, कुणाचा कमी. कापडाच्या वरच्या अंगाला, जे आत बसलेल्याला दिसत नाय, तिथं सहा पट्ट्या शिवायच्या आन् एकेका पट्टीत एकेक सळी घालायची. हमीदभाई त्या पट्टीला गल्ली म्हणायचे. मी पहिल्यांदा बघितलं तवा म्हणलं, हा तर नेफा हाय. परकराला नाडी घालायला शिवतो तोच नेफा, नाडीच्या जागी सळी.

हमीदभाई हसले. "लो, भाभीने मोटर को परकर पहना दिया."

तवापासून त्या दुकानात सगळे गडी नेफाच म्हणायला लागले. परवा बी सलीम कारागिराला दटावत व्हता, "देखके, नेफा मत फाडना."

आमची गाडी लासूर स्टेशनला उभी असायची. रेल्वेतून उतरलेली माणसं खेड्यापाड्याला सोडायची, कुणाला संभाजीनगरला, तवा औरंगाबाद म्हणायचे. गोल टपाची जुनी गाडी, दोन घरं फिरून आमच्याकडं आलेली. समोरच्या काचेपाशी बोटभर निळा झेंडा. मालक सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी गाडी धुवायचे. पण वास काय धुतल्यानं जातोय. कांद्याचा वास, ओल्या गोणपाटाचा, म्हाताऱ्यांच्या तंबाखूचा, नव्या नवरीच्या हळदीचा. सगळा वर जाऊन कापडात बसायचा. शकू म्हणायची, "माय, सोमवारी बी आपल्या गाडीला शनिवारचा वास येतो."

मग ते कापड लोंबलं. आधी मागच्या काचेपाशी, मग मधी. फेटेवाल्यांचे फेटे निघायला लागले. बायांच्या अंबाड्याचे आकडे अडकायचे. एक आजीबाई उतरता उतरता म्हणली, "लेका, घरी सुनंपुढं मान वाकवली नाय, तुह्या गाडीत वाकवायला लागली." मालकांना ते लई लागलं.

म्हणून आम्ही तिघं हमीदभाईंच्या दुकानात आलो. चैत महिना व्हता. लिंबाला मोहर आलेला, गाडीच्या टपावर बारीक पांढरी फुलं पडायची. हमीदभाईंचा शिवणारा गडी त्याच्या गावाला गेला व्हता. ते म्हणले, आठ दिवस थांबा. मालक म्हणले, "आठ दिवस पोट थांबतं का? हिला शिवायला येतं. अख्ख्या लासूरचे परकर हीच शिवती." आन् मला मशिनीवर बसवलं. जड मशीन, रेग्झिनची. घरच्या मशिनीला पाय हलके लागतात, हिला अंगातला सगळा जोर लागला.

जुनं कापड काढलं तवा वरून कायबाय पडलं. उंदरानं नेलेली कांद्याची सालं, कापूस, चिमणीची पिसं. शकू ते सगळं गोळा करत बसली. तिची वेणी सोल्युशनच्या डब्यात बुडाली. निघंना. हमीदभाईंनी कात्रीनं शेंडा कापला, म्हणले, "अब तेरी चोटी गाडी के हिसाब से छोटी हो गई." ती रडली नाय. दुसरीतली पोरगी, पण रडकी नव्हती.

मालकांनी एकेक सळी काढली तशी तिला चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर आकडा, एक ते सहा, पुढून मागं. मालक चौथी शिकलेले. मग म्हणले, "शकू, तू शाळेत जाती ना? मग कापडावरचे नंबर तू टाक." तिच्याकडं शाळेची निळी पेन्सिल व्हती. पेन्सिल जिभंला लावून लावून तिनं एकेका नेफ्यावर आकडा काढला. जीभ निळी झाली व्हती. मी मशिनीवरून बघत व्हते. मह्या घरात लिहिणारं माणूस झालं म्हणून मला बरं वाटत व्हतं.

मला आकडे वाचता येत नव्हते. पण चित्राला चित्र जुळवता येतं की माणसाला. लुगड्याच्या काठावर कोयरीला कोयरी जुळवतो, मोराला मोर. चिठ्ठीवरचं चित्र आन् नेफ्यावरचं चित्र सारखं दिसलं की ती सळी त्याच्यात घालायची. असं करत मी सहाच्या सहा घातल्या. मग हमीदभाईंनी आन् मालकांनी कापड वर चढवलं, कडा सोल्युशननं बसवल्या. तोंडात पाणी घेऊन हमीदभाईंनी कापडावर फवारलं. काचा लावून गाडी उन्हात ठेवली. कापड वाळतंय तसं ताणतं, ढोलकीचं पान ताणतं तसं. तेवढा वेळ आम्ही लिंबाखाली चहा पीत बसलो.

दार उघडून बघितलं तर सगळं कापड ताणलेलं, आन् मधी, तिसऱ्या सळीपाशी, पोट सुटलेलं. म्हशीच्या कासंवाणी. मागं सहाव्या सळीपाशी इतकं ओढलेलं की टाके दिसत व्हते.

हमीदभाईंनी बोटानं दाबून बघितलं. "भाभी, तीन के जगा छे डाल दिया तुम. और छे के जगा तीन."

मालक हसले. "शाळा नसली की असं व्हतं. तीन आन् सहा, एक इकडं तोंड करून, एक तिकडं. हिला दोन्ही सारखेच." मग म्हणले, "बरं झालं. घरात नवराबायकोचा छत्तीसचा आकडा व्हता, आता छतात बी बसवला."

सोल्युशन वाळलं व्हतं. काढायला गेलं तर कापड फाटलं असतं. म्हणले, राहू द्या, पुढच्या बारीला नीट करू. मी बी हसले. अडाणी माणसानं आपल्यावरच्या हसण्यात हसायचं असतं, म्हणजे ते लवकर संपतं. शकू हसली का नाय, ते मला आठवत नाय. लई आठवून बघितलं.

हमीदभाई तवापासून मला तीन-छे भाभी म्हणायचे. मालक बी कधी मिठाचं चुकलं, कधी वाट चुकली, की म्हणायचे, "तीन-सहा झालं का?"

पण त्या पोटाचं शकूला लई कौतुक. काचा उघड्या ठेवून गाडी चालली की त्या ढिल्या कापडात वारा भरायचा. वर जायचं, खाली यायचं, फड् फड् आवाज करायचं. गाडी हळू असली की आवाज बी हळू, झोपलेल्या माणसावाणी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती मागच्या सीटवर पाठीवर पडायची आन् वर बघायची. म्हणायची, "माय, गाडी श्वास घेतीय." मी धुणं वाळत घालता घालता म्हणायचे, "घेऊ दे. तू पाढे म्हण."

शकू सहावीत गेली त्या साली ती आजारी पडली. काय झालतं, कुणी काय सांगितलं, कुठं कुठं नेलं, ते सांगत नाय. सांगून आता कुणाचं काय व्हणार. एवढंच सांगते की एका दिवशी सकाळी मालकांनी गाडी दारात लावली आन् आम्ही तिला घेऊन संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात निघालो. मालक पुढं. मी मागं, तिचं डोकं मह्या मांडीवर. पोरगा लहान व्हता, त्याला शेजारी ठेवलं.

ऊन व्हतं. तिला वारा लागावा म्हणून काचा उघड्या. रस्त्यानं ज्वारी काढलेली, नुसती धसकटं. ती वर बघत व्हती. मी तिच्या तोंडाकडं बघत व्हते.

म्हणली, "माय, वर बघ ना."

"बघितलं."

"नाय बघितलं. ते तीन आन् सहा..."

"गप पड. दम लागतो तुला."

"अगं, ते ना..."

मी म्हणलं, "दवाखान्यात गेल्यावर सांग." आन् तिच्या तोंडावर हात ठेवला. जोरात नाय. लेकराला निजवताना ठेवतो तसा. ती गप झाली. मला वाटलं, मह्या चुकीवरच हसायचंय पोरीला, बरी झाली की हसंल पोटभर.

मिटमिटा गाव मागं गेलं. मी श्वास ऐकत बसले व्हते. फड् फड्, हळू हळू, पण चालू व्हता. मी म्हणत व्हते, चालू हाय, चालू हाय. मालकांनी पुढून इचारलं, "कशी हाय?" मी म्हणलं, "श्वास बरा हाय." शहराच्या तोंडाशी, छावणीत, पुढं गाड्या थांबल्या व्हत्या. मालकांनी गाडी थांबवली. आन् आवाज बी थांबला.

मी कापडाचा आवाज ऐकत व्हते. तिचा कधी थांबला ते मला कळलं नाय.

पुढं गाडी विकली. कुणी नेली ते मी इचारलं नाय. मालकांनी त्यानंतर दुसऱ्याची गाडी चालवली, पण दोन हिवाळे बी पुरे झाले नायत, ते बी गेले. मग मी पोराला घेऊन शहरात आले. हमीदभाईंकडं गेले. ते म्हणले, "बैठ जाओ मशीन पे, भाभी. पूछना क्या." पुन्हा कधी त्यांनी मला तीन-छे म्हणलं नाय. मुसलमान माणूस, पण सख्ख्या दिरासारखा वागला. मी किती छतं शिवली ते मला सांगता यायचं नाय. साहेबांच्या गाड्या, डॉक्टरांच्या गाड्या. बोटाच्या पेरात सुई गेली, नखात सोल्युशन गेलं, पोरगा शिकला, कंपनीत लागला. छत बसवलं की सगळे कारागीर मागच्या सीटवर पाठीवर पडून बघतात, कुठं सुरकुती राहिली का. मी कधी पडले नाय. मी उभ्यानं हात फिरवून बघायचे. माणसं म्हणायची, बाईला लाज वाटती. म्हणू दिलं.

परवा शेडात उभी असलेली गाडी हिरवी व्हती. आमची पांढरी व्हती. म्हणून मला काय वाटलं नाय. सलीम म्हणला, "खाला, अब इसमें शादी के पैले के फोटू निकालते. जोडे को पीछे बिठाते." मी म्हणलं, "बसू दे बाबा, चांगलं हाय." आन् दार उघडून आत बसले.

कापड पार खाली आलं व्हतं, जुनं, तपकिरी पडलेलं, कडेला दोनतीन ठिकाणी दुसऱ्या कुणीतरी टाके घातलेले. पण तिसऱ्या सळीपाशी ते पोट. आन् मागं सहाव्यापाशी ओढ.

सलीम पुढच्या दारातून वाकून बघत व्हता. त्याला मह्या मनातलं काय ठाऊक नाय. म्हणला, "देखो खाला, किसी ने तीन में छे डाल दिया. अब्बा तुम्हारा किस्सा सुनाते थे ना, वैसाच."

मी म्हणलं, "व्हय, वैसाच."

मग म्हणलं, "सलीम, तू जरा चहा सांगून ये." तो गेला. मी चपला काढल्या आन् मागच्या सीटवर आडवी झाले. गुडघे दुमडावे लागले. तिला दुमडावे लागत नव्हते. आन् वर बघितलं.

काय दिसणार. कापड दिसलं. एका अंगाला पाण्याचा डाग. पोटावर बाहेरचं ऊन पडलं व्हतं, पत्र्यावरून आलेलं, आन् ते हलत व्हतं. कापड हलत नव्हतं, ऊन हलत व्हतं. मी तशीच पडून राहिले. चहा आला, सलीमनं दाराबाहेर ठेवला.

मग कारागिरांनी कापड सोडवलं. सळ्या नेफ्यातच व्हत्या, सगळं एकदम खाली आलं, धूळ उडाली. सलीमनं ते उलटं करून फळीवर पसरलं. वरचं अंग वर आलं. आन् नेफ्यावर निळी पेन्सिल. रंग नवा दिलेला, गाडी आमचीच.

आता मला आकडे कळतात. रिक्षाचे, फोनचे, नातीच्या परीक्षेचे. पुढून मोजलं. एक. दोन. तिसऱ्या नेफ्यावर सहा लिहिलेला. चार, पाच बरोबर. सहाव्यावर तीन.

मी पुन्हा मोजलं. बोट ठेवून ठेवून.

शकू तवा आकडे उलटे काढायची. तीन काढायला जायची, त्याचं तोंड फिरायचं, सहा व्हायचा. सहाचा तीन व्हायचा. आरशात दिसतं तसं. मास्तरांनी तिसरीत तिला ह्याच्यासाठीच छड्या मारल्या, वळण लावलं. घरी येऊन हात पुढं करून तिनं मला सांगितलं व्हतं, "माय, तीन आन् सहासाठी मारलं." मी हाताला तेल लावलं आन् इसरून गेले. मास्तर मारतातच.

मी चित्राला चित्र बरोबर जुळवलं व्हतं. मही चूक नव्हती.

आन् तिला ते कळलं व्हतं. मास्तरांनी वळण लावलं तवाच कळलं असणार. मागच्या सीटवर पडून ती तेच बघत असणार. "ते तीन आन् सहा, अगं ते ना." मला सांगायला निघाली व्हती, की माय, ते तुह्याकडून नाय झालं, मह्याकडून झालं. आन् मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

इतकी वर्षं मी अडाणी म्हणून ऐकून घेतलं, त्याचं मला कधी ओझं झालं नाय. चूक मही हाय म्हणून मी ती मजेत वागवली. आता हे सांगायला हमीदभाई नायत, मालक नायत. आन् असते तरी मी सांगितलं नसतं.

सलीमनं पेन्सिलीवर बोट ठेवलं. "खाला, ये किसने लिखा? उलटा लिखा है."

मी म्हणलं, "मीच लिवलं."

सलीमला ठाऊक हाय, मला लिहायला येत नाय. पगाराच्या वहीवर मी त्याच्या बापापुढं जल्मभर अंगठा केला. त्यानं मह्याकडं बघितलं. मग म्हणला, "हौ खाला."

नवं कापड कारागिरानं शिवलं. नेफे मी खडूनं आखून दिले. सळ्यांना चिठ्ठ्या बांधायला निघाला, मी म्हणलं, नको. डोळे मिटून एकेका सळीवर हात फिरवला. कोणती पुढची, कोणती मधली, हाताला वाक कळतो. सहाच्या सहा क्रमानं लावून दिल्या. कापड चढवलं, पाणी मारलं, उन्हात ठेवलं. दार उघडलं तर कुठं सुरकुती नाय. सलीमनं टिचकी मारली, टण्ण वाजलं. काचा उघडून गाडी मोंढ्यापर्यंत फिरवून आणली, मी मागं बसले व्हते. वर काय बी आवाज नाय.

जुन्या कापडाचं काय करायचं, सलीमनं इचारलं. म्हणला, "घर ले जाना है तो ले जाओ." त्याच्यावर मह्या पोरीचा हात व्हता. पण तिची चूक बी व्हती. लेकराची चूक घरात कशाला ठेवायची. दुकानात हात पुसायला चिंध्या लागतातच. मी कात्री मागितली आन् बसून चिंध्या केल्या. आकडे व्हते तेवढे आधी कापले, बारीक बारीक. मग बाकीचं.

हे पोराला सांगितलं नाय, सुनंला सांगितलं नाय. आत्ता बोलले तवा नातीनं ऐकलं. ती लिहिता लिहिता थांबली व्हती. मी म्हणलं, लिव्ह.

वाचणाऱ्याला महं एवढंच सांगणं हाय. तुमच्या मांडीवर डोकं ठेवून कोणी म्हणलं, वर बघ, तर वर बघा. दमानं सांग म्हणा. गप म्हणू नका.